शेठाणीचा कॉम्प्रेसर

आमच्या कळंबोलीच्या बैठ्या घराची पुढची भिंत आणि दारातल्या गाडीचा बंपर यांच्यामध्ये एक माणूस तिरका होऊन जाईल एवढीच वाट होती. त्या वाटेनं आई दिवसभर पाण्याच्या कळशा घेऊन तिरकी ये-जा करायची. दर वेळी तिचा पदर बंपर पुसून जायचा आणि दर वेळी ती म्हणायची, "माणसांना पाय पसरायला जागा न्हाई, आन ही बया बघा, म्हशीवानी बसलीया दारात." बया म्हणजे गाडी. तिचं नाव शेठाणी. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वाशीच्या फळबाजारातल्या एका व्यापाऱ्याकडं वीसेक वर्षं ड्रायव्हरकी केली, त्यातली निम्मी वर्षं व्यापाऱ्याच्या बायकोला भिशीला, देवळाला आणि माहेराला पोचवण्यात गेली. पुढं शेठची मुलं मोठी झाली, नव्या गाड्या आल्या, मुलं स्वतःच चालवायला लागली. एक दिवस शेठनं आण्णांच्या हातात जुन्या गाडीची किल्ली ठेवली आणि म्हणाला, "रामभाऊ, इतकी वर्षं तुम्हीच सांभाळलीत, आता तुमच्याकडंच राहू दे." याचा अर्थ नोकरी गेली, हे आण्णांच्या लक्षात घरी आल्यावर आलं. तोवर ते आनंदानं वाशीपासून हॉर्न वाजवत आले होते.

शेठाणी पिस्त्याच्या रंगाची होती. सीटना जुन्या अत्तराचा आणि भाजक्या सुपारीचा वास होता, मागची डावी काच अर्ध्यावर अडायची आणि डॅशबोर्डच्या खाली एसीचा काळा डबा होता. आमच्या अख्ख्या रांगेत एसी असलेली वस्तू तेवढी एकच. उन्हाळ्यात शेजारपाजारची माणसं काहीतरी निमित्त काढून यायची आणि "जरा बघू तरी" म्हणत दोन मिनिटं गाडीत बसून जायची. समोरच्या कदमकाकू तर एकदा पालेभाजी घेऊन बसल्या. अख्खी मेथी निवडून झाल्यावर उतरल्या आणि म्हणाल्या, "मेथी ताजी राहिली हो." आमच्या घराच्या मागंच लोखंडाचा बाजार. सकाळी सातपासून पत्र्याच्या थप्प्या ट्रकवरून खाली पडायच्या, भांडी फडताळात थरथरायची, मागं येणाऱ्या ट्रकांच्या क्लीनरांचं "आने दो, आने दो, बस्स" दिवसभर चालायचं. काचा वर करून एसी लावला की हे सगळं एकदम लांब जायचं. आण्णा कधी कधी नुसतेच त्यात बसून राहायचे. आई म्हणायची, "जेवाय या आता, शेठ."

मी तेव्हा एकविशीत होतो. कॉलेजनं मला दोनदा नापास केल्यावर मीही कॉलेजला एकदाच कायमचं नापास केलं आणि आयटीआयला फ्रिज-एसीच्या कोर्सला लागलो. कोर्सला सहा महिने झाले होते. त्या सहा महिन्यांत मला काय येत होतं ते मलाच ठाऊक होतं, पण आण्णांना वाटायचं की आता जगातलं कुठलंही थंड यंत्र माझ्याकडं बघून उठून उभं राहतं. कुणी पाहुणा आला की ते म्हणायचे, "आमचं इंजिनियर." मी लाजल्यासारखं करायचो. इंजिनियर नाही, हे मात्र कधी सांगितलं नाही.

नोकरी गेल्यावर दोन-तीन महिने आण्णांनी गाडी लग्नाला वगैरे दिली, पण त्यात काही राम नव्हता. मग जुन्या ओळखीतून एक काम चालून आलं. तळोज्याच्या एका कारखान्यातले मोठे साहेब वाशीला राहायचे, त्यांना रोज न्यायचं आणि आणायचं, वर्षाचं बांधून. आण्णा भेटून आले तेव्हा त्यांच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट होता आणि तोंडावर पंधरा वर्षं कमी होती. साहेबांची अट एकच होती. एसी चालला पाहिजे. सोमवारपासून एक आठवडा बघू, ठीक वाटलं तर वर्षभर. "एसी काय, आपल्याकडं इंजिनियर हाय घरात," असं आण्णा त्यांना सांगून आले होते. पन्नाशी उलटलेल्या माणसाला नव्या शेठच्या दारात उभं राहायचं नव्हतं. स्वतःची गाडी, स्वतःचं काम, यापलीकडं त्यांना काही नको होतं, आणि ते सगळं त्या आठवड्यावर टांगलेलं होतं.

शेठाणीला हे कुणीतरी सांगितलं असावं. आदल्या गुरुवारी पुलावर तिच्या पोटातून डुकराच्या पिल्लासारखा आवाज आला, बॉनेटमधून जळक्या रबराचा धूर आला आणि एसी मेला. मी बॉनेट उघडून, कमरेवर हात ठेवून, बराच वेळ गंभीर चेहऱ्यानं बघत राहिलो. "काय झालं रं?" आण्णांनी विचारलं. मी म्हणालो, "कॉम्प्रेसर जाम." हे एकदाचं खरं निघालं, आणि तिथंच माझा घात झाला, कारण त्यानंतर माझ्या शब्दाला घरात वजन आलं.

नावड्याला रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये हिरामणकाकांचं गॅरेज होतं. हे मूळचे तिथल्याच गावचे, आगरी, आण्णांच्या वयाचे. अंगावर कायम बंडी आणि लुंगी, कानावर विडी. पण गाड्यांच्या एसीत त्यांच्यासारखा माणूस पनवेलपर्यंत नव्हता. शेठाणीचा एसी पहिल्या दिवसापासून त्यांच्याच हाताखालचा. त्यांनी पुली हातानं फिरवून बघितली, ती हलेना, तेव्हा म्हणाले, "रामभाऊ, हिचं काळीज गेलं. दुसरा घालाया लागंल." कुर्ल्याच्या बाजारातून त्यांनी दोन दिवसांत कॉम्प्रेसर आणवला, अगदी तसाच, खोक्यात बंद, तेल भरलेला, आणि नळ्या जोडायच्या दोन्ही भोकांवर पिवळी टोपणं घट्ट बसवलेली. रविवारी सकाळी बसवायचं ठरलं.

आता आमच्या घरची एक रीत सांगतो. गाडीला लागणारी कुठलीही नवी वस्तू, मग तो टायर असो, बॅटरी असो नाहीतर साधा आरसा, ती आधी एक रात्र आमच्या घरी मुक्कामाला यायची. देवासमोर पाटावर बसायची, तिला हळद-कुंकू लागायचं, तिच्यावर नारळ फुटायचा, आणि सकाळी ती कामाला जायची. आण्णा म्हणायचे, ज्या वस्तूच्या जिवावर घर चालायचं, तिनं एकदा घर बघून जावं. शेठकडं असतानाही ते शेठच्या गाड्यांचे टायर रिक्षात घालून घरी आणायचे. आमच्या साताऱ्याकडं बैलाला घरात घेऊन भाकरी देतात, त्यातलाच हा प्रकार असावा. मी या रीतीची भरपूर टिंगल केली आहे, आणि टिंगल करत करत तिचा प्रसादही भरपूर खाल्ला आहे.

शनिवारी संध्याकाळी कॉम्प्रेसर पाटावर बसला. बारा-चौदा माणसं दाटीवाटीनं जमली होती, कारण कॉम्प्रेसर म्हणजे काय हे कुणालाच माहीत नव्हतं आणि नारळ-साखर सगळ्यांनाच माहीत होती. कदमकाकूंनी विचारलं, "बाळ, ह्यातनं थंड कसं निघतं रे?" आता बारा-चौदा माणसं एकदम गप्प होऊन माझ्याकडं बघतायत, त्यात कदमकाकूंची भाची सुट्टीला आलेली, अशी वेळ माझ्या आयुष्यात पुन्हा आली नाही. मी पुढं झालो, मांडी घालून बसलो आणि दोन्ही पिवळी टोपणं फटाफट काढली. आयटीआयच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की कॉम्प्रेसरचं तोंड बसवायच्या क्षणापर्यंत उघडायचं नाही, ओल हा आपला सगळ्यात मोठा वैरी. मी ते वहीत लिहून घेतलं होतं आणि खाली लाल रेघसुद्धा मारली होती. "इथून गॅस आत जातो," मी भोकात बोट घालून म्हणालो, "आणि इथून दाबून बाहेर." भाचीनं मान डोलावली. मी आणखी बोललो. काय बोललो ते देवाला माहीत, पण बराच वेळ बोललो.

तेवढ्यात आण्णा नारळ घेऊन आले. आई म्हणाली, "आरं, ती झाकणं लाव आधी, पाणी उडंल." मी म्हणालो, "आई, हे लोखंड आहे, विरघळणार नाही." हे वाक्य पुढं तीस वर्षं माझ्या घरात मला ऐकवलं जाईल हे तेव्हा कळलं असतं तर मी नारळच माझ्या डोक्यावर फोडून घेतला असता. आण्णांनी वरवंट्यावर नारळ फोडला, दोन्ही भकलांतलं पाणी भक्तिभावानं कॉम्प्रेसरवर ओतलं, आईनं कुंकवाची चिमूट सोडली, सगळ्यांनी हात जोडले. मी टोपणं लावायची म्हणून उठलो, पण प्रसाद वाटायला भाची उभी होती. टोपणं मी सकाळी लावली. आधी जुन्या बनियननं कॉम्प्रेसर बाहेरून लखलखीत पुसला. बाहेरून.

रविवारी हिरामणकाकांनी कॉम्प्रेसर हातात घेतला, उलटसुलट केला आणि माझ्याकडं बघून विचारलं, "कोनी उघरला त नाय ना रं?" मी म्हणालो, "काका, मी काय येडा आहे? आयटीआयला आहे मी." त्यांना ते दोन्ही एकच वाटलं नसावं, कारण ते "बरा" म्हणाले आणि कामाला लागले. चार बोल्ट, पट्टा, नळ्या, मग तास-दीड तास हवा खेचणारा पंप, मग गॅस. दुपारी एसी सुरू केला तेव्हा अशी गार हवा आली की आण्णांनी डोळे मिटले. काकांच्या घरून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी आली होती. ती आम्ही गाडीत बसून, काचा वर करून, गारेगार खाल्ली. हिरामणकाका म्हणाले, "रामभाऊ, आता साएबाला सांग, स्वेटर आन."

सोमवारी आण्णांनी मला पुढच्या सीटवर बसवून नेलं, इंजिनियर म्हणून. पेट्रोल वाचावं म्हणून वाशीपर्यंत काचा उघड्या, साहेब बसले की एसी. साहेब अंगानं भरलेले, शांत, हातात पेपर. पामबीचला गार, नेरूळला गार, मी आरशातून साहेबांकडं बघून मंद हसतोय, आणि बेलापूरच्या वळणाला, अगदी कुणी बटण दाबून एसी बंद करावा तशी, हवा गरम झाली. पंखा फिरतोय, कॉम्प्रेसर फिरतोय, आणि जाळीतून मे महिना बाहेर येतोय. साहेबांनी पेपर खाली ठेवला, खिशातून पांढरा रुमाल काढून मान पुसली आणि विचारलं, "काय हो, बंद पडला वाटतं?" आण्णा म्हणाले, "न्हाई साहेब, दम खातोय जरा." आणि माझ्याकडं असं बघितलं की मी डॅशबोर्डवर एक थाप मारली. इंजिनियर म्हणून.

त्या आठवड्याबद्दल लिहायला बसलो की अजूनही माझ्या मानेवर घाम येतो. संध्याकाळी नावड्याला नेली की गाडी गार. हिरामणकाकांनी साबणाचा फेस लावून एकेक जोड तपासला, गळती नाही. पट्टा आवळला. मंगळवारी परत वाशी, परत पामबीच, परत गार, परत बेलापूर, परत गरम. साहेबांचे रुमाल दोन. संध्याकाळी काकांनी पुढची जाळी धुतली, थर्मोस्टॅट बदलला, गाडी शेडमध्ये दहा मिनिटं चालवली, बर्फासारखी. "मना तं काय दिसत नाय," ते म्हणाले आणि विडी उलटी पेटवली. बुधवारी तेच, त्याच वळणाला. आता आण्णांना यंत्राचा नाही, जागेचा संशय आला. संध्याकाळी साहेबांना वाशीला सोडून परत येताना त्यांनी बेलापूरच्या वळणावर गाडी उभी केली, खाली उतरले, कठड्याच्या दगडावर एक नारळ फोडला आणि त्याचं पाणी चारी दिशांना शिंपडलं. मी गाडीत बसून कपाळावर हात मारत होतो. केवढी ही अंधश्रद्धा, असं मनात म्हणत होतो. आता हे लिहिताना सून मागून वाचतेय आणि विचारतेय, "बाबा, तुम्हाला तेव्हासुद्धा आठवलं नाही?" आठवलं. खोटं कशाला सांगू? नारळाचं पाणी त्या दगडावरून ओघळताना बघितलं आणि फळ्यावरची अक्षरं दिसली. लाल रेघ दिसली. आणि मी स्वतःला सांगितलं, छे, एवढंसं पाणी, दीड तास पंप लावला होता की.

माणसाला आपली चूक कळायला लागली की तो दुसऱ्याची शोधायला लागतो, निदान मी लागतो. बुधवारी संध्याकाळी शेडमध्ये तीन-चार गिऱ्हाईकं बसली होती, आण्णा चिंतेनं बॉनेटवर वाकले होते, आणि हिरामणकाकांनी पुन्हा "मना काय दिसत नाय" म्हटलं, तशी मी सगळ्यांदेखत तोंड उघडलं. "काका, नवा म्हणून दिलात, पण आहे का तो नवा? भंगारातला उचलून रंग मारला असेल. कुर्ल्याला काय, सगळं मिळतं."

शेडमधला पान्यांचा आवाज थांबला. काकांनी कानावरची विडी काढून हातात घेतली, पण पेटवली नाही. ते माझ्याकडं बघतच नव्हते, आण्णांकडं बघत होते. आण्णांनी सरळ उभं राहून टोपी नीट केली आणि हळू आवाजात विचारलं, "हिरामण, खरं सांग. आपल्यात काय ठेवू नगंस."

"मना इचारतस?" काका म्हणाले. "तू?"

"पोरगं शिकलेलं हाय, म्हणून इचारलं."

"तं मंग शिकलेल्याकरनंच करून घे," हिरामणकाका म्हणाले आणि दुसऱ्या गाडीकडं वळले. आम्ही घरी आलो. वाटेत आण्णा म्हणाले, "बरं केलंस, बोललास ते. मला बोलवत नव्हतं." आयुष्यात वडिलांनी माझं इतकं मनापासून कौतुक फार वेळा केलेलं नाही. त्या रात्री आईनं केलेली मटकीची उसळ मला गिळता येईना. तीन भाकऱ्यांच्या जागी दोनच खाल्ल्या, यावरून काय ते समजा.

गुरुवारी साहेबांचे रुमाल तीन. शुक्रवारी बेलापूरच्या वळणाच्या अलीकडंच साहेबांनी पेपरची घडी घातली आणि हातात धरून वाट बघत बसले. हवा गरम झाली तेव्हा ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "रामभाऊ, थांबवा," म्हणाले. खारघरच्या अलीकडं उतरले, मागून येणाऱ्या कारखान्याच्या दुसऱ्या गाडीला हात केला आणि जाताना वाकून खिडकीतून बोलले, "माणूस तुम्ही चांगले आहात हो. पण मला तिकडं पोचल्यावर काम करायचं असतं." आण्णांनी एसीचं बटण बंद केलं, मग परत चालू केलं, मग बंद.

दुपारी चारच्या सुमारास आमच्या दारात, बंपर आणि भिंतीच्या मधल्या त्या वाटेत, हिरामणकाका तिरके उभे. हातात हत्यारांची पिशवी, लुंगीऐवजी पँट. आई म्हणाली, "या की भावजी," ते म्हणाले, "बसाया नाय आलो वयनी." आणि आण्णांना, "चल, गारी बाएर कार. जिथं ती मरते तिथं मना ने. चोर बोल्लाव तुमी मना, आता मीपन बघतंय कोन चोर हाय तो." वाशीपर्यंत जाऊन, वळून, एसी लावून आम्ही तिघं निघालो. बेलापूरच्या वळणाला हवा गरम झाली. काकांनी गाडी कडेला घ्यायला लावली, टपरीवरून एक ग्लास उकळता चहा आणवला, आणि मला वाटलं आता हा माणूस चहा पिणार. त्यांनी खिशातलं फडकं त्या चहात बुडवलं, डॅशबोर्डच्या खाली डोकं घातलं आणि एसीच्या डब्याजवळच्या पितळी नळीवर ते वाफाळतं फडकं गुंडाळून धरलं. मिनिटभर गेलं. आणि जाळीतून सुरसुर करत गार हवा आली.

काका डॅशबोर्डखालून बाहेर आले. कोपरापर्यंत चहा ओघळत होता. "आत बरफ व्हतो," ते म्हणाले. "बारीक भोकाशी बसतो, वाट बंद करतो. गारी थांबली का इतलतो. शेडमदी तं मी धाच मिनटं चालवत व्हतो, कसा दिसंल? बरफ म्हंजे पानी. आता मना सांगा, बंद खोक्यातल्या कॉम्प्रेसरमदी पानी आलं कुठशी?"

हा प्रश्न ते आण्णांना विचारत होते आणि बघत माझ्याकडं होते. मी टपरीकडं बघत होतो.

शेडमध्ये जाऊन त्यांनी कॉम्प्रेसर उतरवला आणि त्यातलं तेल स्टीलच्या वाडग्यात ओतलं. स्वच्छ, मधासारखं यायला पाहिजे होतं. आलं ते घट्टसर, दुधट आणि फिकट गुलाबी. आंबूस खोबऱ्याचा वास सगळ्या शेडभर सुटला. परवाची तीन गिऱ्हाईकं आजही तिथंच होती, लोकांना कामधंदे नसतात. हिरामणकाकांनी वाडगा नाकाशी नेला, समुद्राकाठच्या माणसाला तो वास ओळखायला कितीसा वेळ? त्यांनी वाडगा माझ्यापुढं धरला.

"यो तेल हाय का सोलकढी रं, इंजिनियर?"

गिऱ्हाईकं हसायला लागली. आण्णांनी वाडग्यात बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. "नारळ मी फोडला," ते म्हणाले. "माझीच चूक, हिरामण. मला काय कळतंय त्यातलं. म्हातारा माणूस, देव देव करत बसलो." आणि त्या क्षणी मला दिसलं की हे आता असंच राहणार. गप्प बसलो तर आण्णा आयुष्यभर स्वतःला अडाणी समजतील, आई पुन्हा कुठल्या वस्तूला कुंकू लावणार नाही, आणि मी इंजिनियरच राहीन.

"टोपणं मी काढली होती," मी म्हणालो. "माणसांना दाखवायला. आई म्हणत होती, लाव."

"तुला ठावं व्हतं?" आण्णांनी विचारलं. "पाणी जाऊ द्यायचं नसतंय त्ये?"

"हो."

"साळंत सांगितलं व्हतं?"

"पहिल्याच आठवड्यात."

मला वाटलं, आता कानाखाली बसणार. गालाची तयारीही केली. पण आण्णा माझ्याकडं बघेनातच. ते काकांसमोर जाऊन उभे राहिले. "हिरामण, मी तुला 'खरं सांग' म्हणालो."

"बोल्लास."

"त्ये मागं घेतो."

"घे," काका म्हणाले आणि वाडगा गटारात ओतला. मग मला म्हणाले, "आन तू लुंगी नेस एक. धुवाया लागंल सगला आतून."

शनिवारी सकाळभर धुणं चाललं. नळ्या, डबा, जाळी, सगळं. ओल शोषणारी बाटली नवी, तेल नवं, आणि मग पंप बारापासून पाच वाजेपर्यंत एकसारखा. त्या पंपाशेजारी मी बसून होतो, येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मला "सोलकढी" म्हणून हाक मारत होतं, आणि मी "ओ" देत होतो. आज माझ्या खोलीत भिंतीवर एसी आहे, नातवंडं उशीखाली रिमोट घेऊन झोपतात, दुरुस्तीला येणारा मुलगा बूट काढून, हातमोजे घालून काम करतो. मी त्याच्या हातातली टोपणं मोजत बसतो. त्याला वाटतं म्हातारा संशयी आहे.

संध्याकाळी आई, आण्णा, हिरामणकाका आणि मी, असे चौघं गाडी बघायला वाशीकडं निघालो आणि परत वळलो. बेलापूरचं वळण आलं. आण्णांनी वेग कमी केला, काकांनी श्वास धरला, आईनं डोळे मिटले. वळण गेलं. हवा गारच. खारघर गेलं, गार. कळंबोलीला घर आलं तरी आण्णा थांबले नाहीत, पुलाखालून गाडी वळवली आणि पुन्हा थेट वाशीला, साहेबांच्या बिल्डिंगच्या फाटकाशी नेऊन उभी केली. इंजिन चालू, एसी चालू.

"जा वर," मला म्हणाले. "काय झालं त्ये सांग. जसंच्या तसं."

दुसरा मजला. साहेबांनी बनियनवरच दार उघडलं. मी जसंच्या तसं सांगितलं. आधी ते ऐकत होते, मग वरवंट्याशी त्यांचं पोट हलायला लागलं, सोलकढीशी ते दाराला धरून उभे राहिले, आणि "अगं, इकडं ये, हे ऐक" म्हणून त्यांनी बायकोला बोलावलं. मी परत पहिल्यापासून सांगितलं. त्यांच्या आग्रहानं भाचीसकट. दोघांनी डोळे पुसले. मग साहेब म्हणाले, "छान. पण दुसऱ्या गाडीवाल्याशी मी बोललोय रे." आणि मला पाणी दिलं.

मी खाली आलो. आण्णांनी काच खाली केली. "काय म्हणाले?"

"हसले."

"लई?"

"लई. बाईसुद्धा."

"मग?"

"मग काही नाही. दुसरी गाडी ठरलीय."

आण्णांनी समोर बघितलं, वर त्या दुसऱ्या मजल्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मग खाली कशाला आलास? आजून हसतायत तवर जा की परत. एक दिवस माग."

मी परत जिना चढलो. त्या जिन्याला सव्वीस पायऱ्या होत्या, अजून पाठ आहेत. साहेबांनी दार उघडलं, मला बघून पुन्हा हसले, मी हात जोडले, आणि यावेळी काहीच गमतीचं बोलता येईना. "आण्णा खाली बसलेत," एवढंच बोललो. "एक दिवस द्या." साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग गॅलरीत जाऊन खाली बघितलं.

खाली येऊन मी सांगितलं, "सोमवारी या म्हणालेत. एकच दिवस. पुढचं तेव्हा बघू."

आण्णांनी गिअर टाकला. गाडी इतकी गार झाली होती की काचांवर बाहेरून दव धरलं होतं. आईनं पदर डोक्यावरून कानांभोवती गुंडाळला होता. मागून हिरामणकाका म्हणाले, "रामभाऊ, आता तरी बारीक कर तो यशी, माजं दात वाजतान."

"न्हाई," आण्णा म्हणाले. "सोमवारपतूर बंद करायचा न्हाई."